धाकट्याची काठी

दाराआडचा खिळा रिकामा होता. मुलीकडे चार दिवस राहून धाकटा नुकताच परतला होता, पिशवी अजून खांद्यावरच होती. घरात पाऊल टाकलं की आधी दाराआड बघायचं ही त्याची सदतीस वर्षांची सवय. गळाची काठी तिथे दोन तुकड्यांत, कापडी खोळीत घालून टांगलेली असायची. आज खोळ होती, पण नीट घडी करून खाली स्टुलावर ठेवलेली. काठीचा पत्ता नव्हता.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ती या वेळी मुलीकडे गेली नव्हती. खिळ्याकडे बघत उभा राहिलेला नवरा पाहून ती दारातच थांबली. सोमवारी भाऊजी येऊन गेले, असं ती म्हणाली. काठीच्या कड्या झिजल्यात ना, त्या बदलून देतो, तो परत यायच्या आत तयार ठेवतो, त्याला आधी सांगू नकोस, खूश होईल, असं म्हणून ते काठी घेऊन गेले होते.

“आणि तू दिलीस?”

“ते विचारत नव्हते हो. सांगत होते.”

दादा विचारत नाही, सांगतो, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तो पिशवी टाकून आल्या पावली दुकानाकडे निघाला. चहा झालाय, असं बायको मागून म्हणाली, तेही त्यानं ऐकलं नाही.

आता हा धाकटा म्हणजे काही लहान पोर नव्हे. एकसष्ट पूर्ण झालेला माणूस. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची नोकरी करून निवृत्त झालेला, डोक्यावरचे केस गेलेला, एका नातीचा आजोबा. तरी सगळ्यांच्या तोंडी तो धाकटाच. त्याचं लग्न झाल्यावर त्याच्या बायकोलाही सगळे धाकटी म्हणू लागले, म्हणजे तिचं नावही या भानगडीत गेलं. दादा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील अकाली गेले तेव्हा दादानं शिक्षण सोडलं आणि मोटारींच्या वायंडिंगचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, वार्निशात बुडवायची आणि भट्टीत भाजायची. त्या दुकानानं घर तगवलं, हे धाकट्यानं कधी नाकारलं नाही. पण घर चालवणाऱ्याला घरातल्या माणसांची आयुष्यं चालवायचाही परवाना मिळतो, असं दादानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

धाकट्यानं तरुणपणी एक हलकी सायकल पसंत करून आणली. दादानं ती दुसऱ्या दिवशी परत करून जड आणि टिकाऊ सायकल आणली. चष्म्याच्या दुकानात त्याला दादानंच चिकटवलं. राहायची जागा दादानं बघितली, भिंतींना रंग दादानं काढला. तक्रार करायची म्हटली तर कशाबद्दल करणार? सायकल खरंच टिकली, जागा खरंच हवेशीर होती. त्यामुळे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बायको त्याला चिडवायची, मला तेवढं तुम्ही स्वतः निवडलंत, तेही त्या महिन्यात भाऊजी कावीळ होऊन पडले होते म्हणून.

बायकोखेरीज त्यानं स्वतः निवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे ही काठी. चोविसाव्या वर्षी, शहर सोडून चाललेल्या एका इंजिनिअरकडून घेतलेली. फायबरची, मधाच्या रंगाची, टोकाशी इतकी बारीक आणि लवचिक की पाण्याखाली मासा नुसता हुंगून गेला तरी मुठीला कळावं. दर रविवारी पहाटे तो ती घेऊन तलावाच्या दगडी बांधावर जाऊन बसायचा. दादाच्या मते मासे धरणं हे काम नव्हतं, म्हणून त्यात लक्ष घालायचं कारण नव्हतं. काठी इतकी वर्षं वाचली ती एवढ्याच कारणानं.

यंदा मात्र काठीनं त्रास द्यायला सुरुवात केली. मोठा मासा लागला की दोरा तुटायचा. आधी त्यानं दोऱ्याला दोष दिला आणि दोरा बदलला, मग दुकानदाराला दोष दिला आणि दुकान बदललं. तिसऱ्या वेळी एक हातभर मासा काठाशी येऊन निसटला, तेव्हा तो घरी आला, आणि चष्म्याच्या दुकानातलं जुनं भिंग डोळ्याला लावून बसला. काठीच्या अंगावर ओळीनं ज्या कड्या असतात, ज्यांतून दोरा रिळापासून टोकापर्यंत जातो, त्यातल्या वरच्या तीन कड्यांत केसाएवढी खाच पडली होती. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. कापसाचा बोळा कडीतून फिरवला, तर त्याचे तंतू खाचेत अडकून राहिले. सदतीस वर्षं ओला दोरा त्याच जागी घासत होता, खाच पडणारच. आणि आता तीच खाच दोऱ्याला सुरीसारखी कापत होती.

हे कळल्यावर तो उलट खूश झाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या हाताजोगं काम निघालं होतं. त्यानं गुळगुळीत, कठीण अस्तराच्या नव्या कड्या शोधून आणल्या, मोठीपासून बारकीपर्यंत आठ. जुन्या कड्यांमधली अंतरं मोजून कागदावर आकृती काढली. कड्यांचे पाय काठीला बांधायला जुन्यासारखाच गडद लाल रेशमी दोरा मिळावा म्हणून चार बाजार पालथे घातले. मुलीकडून आलो की निवांत बसायचं, रोज एकच कडी करायची, असं त्यानं ठरवलं होतं.

आणि इथेच त्याचं चुकलं. बांधलेल्या दोऱ्यावर वार्निशचा हात द्यावा लागतो. तेवढ्यासाठी बाजारातून डबा कशाला आणायचा, म्हणून त्यानं दादाकडे बाटलीभर वार्निश मागितलं. दादानं विचारलं, कशाला? त्यानं सांगितलं. दादा हं म्हणाला. दादाच्या नुसत्या हं म्हणण्याचा अर्थ साठ वर्षांत ज्याला कळला नाही, त्यानं आता कुणाला बोल लावावा?

तो दुकानात पोचला तेव्हा दादा भट्टीपाशीच उभा होता. भट्टी म्हणजे पत्र्याचं पुरुषभर उंचीचं कपाट, आत हीटर लावलेले. एक गिऱ्हाईक पाण्याच्या पंपाची मोटार पायाशी ठेवून बाकावर बसलं होतं. धाकट्याला बघून दादाचा चेहरा फुलला. बरोबर वेळेवर आलास, असं म्हणत त्यानं जाड हातमोजे चढवले, कपाटाचं दार उघडलं आणि काठीचे दोन तुकडे बाहेर काढून टेबलावर ठेवले.

धाकट्यानं पाहिलं. जुन्या कड्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी जाड तांब्याच्या तारेच्या, सोल्डर केलेल्या, चकचकीत कड्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. त्या तांब्याच्याच बारीक तारेनं काठीला आवळल्या होत्या. वरून मोटारीला लावतात ते वार्निश होतं आणि ते नियमाप्रमाणे रात्रभर भाजलं होतं. काठीचा वरचा तुकडा कपाटाच्या भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला असणार, कारण उष्णतेनं मऊ होऊन तो तसाच बाकदार झाला होता. धाकट्यानं तो उचलून सरळ करून बघितला. हात सोडला की पुन्हा वाकडा. फायबर भाजलं गेलं होतं, आता ते जन्मात सरळ होणार नव्हतं.

“बघ,” दादा म्हणाला, “एक वेढा दुसऱ्यावर चढलेला दाखव. दाखवच.”

वेढे सुरेख होते, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट. या वयातही दादाचा हात थरथरत नव्हता. तो उत्साहानं सांगत होता. आधी कुणी कड्या कशाही बसवल्या होत्या म्हणे, खाली लांब लांब आणि वर जवळ जवळ, त्यानं सरळ भागाकार करून सगळ्या सारख्या अंतरावर घेतल्या. आणि तांब्यासारखा धातू नाही, गंजायचं नाव नको. काठीचं टोक जिथे बारीक होतं तिथे कड्या जवळ जवळच लागतात, नाहीतर वाकताना दोरा काठीला घासतो, हे धाकट्यानं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तांबं मऊ असतं, पंधरा दिवसांत त्याला जुनीपेक्षा खोल खाच पडेल, हेही तो बोलला नाही. टोकाच्या कडीच्या वजनानं काठी मान टाकत होती. नाकापेक्षा मोती जड झाला होता. जुन्या कड्या कुठे आहेत, एवढंच त्यानं विचारलं. दादानं भंगाराच्या पिंपाकडे बोट दाखवलं. ते पिंप काल रिकामं झालं होतं.

“दादा, ही माझी काठी होती.”

“मग? मी काय परक्याची म्हणून केली? परक्याची असती तर तीन दिवस दुकानाचं काम बाजूला ठेवलं असतं का?”

“मला विचारलं का नाहीस?”

दादा खरोखरच गोंधळला. ढोंग त्याला येत नव्हतं. “विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास? राहू दे म्हणाला असतास.”

“हो. तेच म्हणालो असतो.”

“म्हणूनच नाही विचारलं,” असं म्हणून दादानं बाकावरच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं आणि तो हसला. गिऱ्हाईकही हसलं. मोटार अजून दुरुस्त व्हायची होती, ते तरी काय करणार?

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं. सायकलीच्या वेळी ते हसणं होतं, रंगाच्या वेळी होतं. पण आज त्याला त्याहून जुनी आणि मोठी गोष्ट आठवली, जी त्यानं कधी कुणापाशी काढली नव्हती. सव्विसाव्या वर्षी त्यानं मोठ्या धरणावरच्या मत्स्यबीज केंद्रात नोकरीसाठी अर्ज केला होता. हौदांत माशांची पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की तलावांत सोडायची, असं काम. मुलाखतही चांगली झाली होती. पत्र काही आलं नाही. अकरा वर्षांनी तिथले एक साहेब तलावाच्या बांधावर त्याला भेटले आणि सहज बोलून गेले की तुम्हाला आम्ही घेतलं होतं, पण तुमचंच नकाराचं पत्र आलं, तुमच्या सहीचं. त्यानं ते पत्र बघितलं नव्हतं. बघायची गरजही नव्हती. त्यालाही आता चोवीस वर्षं झाली होती आणि एवढा काळ तो मूग गिळून बसला होता, कारण आईला हे कळलं असतं तर तिनं त्याचा धसका घेतला असता. आई गेल्यावर वाटलं, आता कशाला.

“मत्स्यबीज केंद्राला नको म्हणून तू कळवलंस,” तो म्हणाला. “माझी सही करून.”

दादाच्या हातातले मोजे अर्धे निघाले होते, ते तसेच राहिले. नाकारायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं आवाज खाली आणला. तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती, असं तो म्हणाला. त्यानं दुकान बघायचं की आईला बघायचं? धाकटा धरणावर गेला असता तर तिचं कोणी केलं असतं?

“मी नसतो गेलो.”

“आता म्हणतोस.”

“नसतोच गेलो, दादा. आईला तशी टाकून मी जाईन असं तुला वाटलं तरी कसं? पत्र माझ्या हातात पडलं असतं तर मीच नको म्हणून कळवलं असतं. पण ते मी कळवलं असतं. मला साधं नाही म्हणायचं होतं, तेही तूच म्हणून टाकलंस.”

गिऱ्हाईक आपल्या मोटारीकडे बघत बसलं. मग दादा म्हणाला, काठीचं एवढं काय, नवी आणून देतो, याहून चांगली. धाकट्यानं टेबलावरचे दोन तुकडे उचलले. ते अजून गरम होते. ते घेऊन तो रस्त्याला लागला.

तो वाकडा तुकडा हातात घेऊन भर बाजारातून चालणं सोपं नव्हतं. चष्म्याच्या दुकानासमोर जुन्या सोबत्यानं हाक मारून विचारलं, काय, मासाच तुला ओढून घेऊन चालला होता वाटतं? धाकटा न थांबता पुढे गेला. घरी बायकोनं काठी बघितली आणि ती खुर्चीत बसली. मी दाराला आडवं उभं राहायला हवं होतं, असं ती म्हणाली.

“तुझा काय दोष,” तो म्हणाला. “मी एकदा तरी राहिलोय का?”

पुढचे तीन दिवस त्याचं डोकं शांत झालं नाही. जेवताना तो मधेच थांबायचा आणि रागानं बोलू लागायचा, सायकलीपासून सुरुवात करून. बायको ऐकून घेत होती. तिनं यातलं बरंचसं पूर्वी स्वतःच सांगितलं होतं, पण आता तिनं तसं म्हटलं नाही. वहिनींचा फोन आला, हे दोन दिवस धड जेवले नाहीत, तुम्ही एकदा येऊन जा. पूर्वीचा धाकटा चपला घालून निघाला असता. या धाकट्यानं सांगितलं, त्याला म्हणावं जेव, आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर त्याचं त्यालाच चुकल्यासारखं झालं, आणि चुकल्यासारखं होतंय म्हणून पुन्हा राग आला.

रविवारी तो बांधावर गेला नाही. खिडकीशी टेबल ओढून, भिंग डोळ्याला लावून बसला आणि दादानं बांधलेल्या कड्या एक एक करून सोडवू लागला. ते भाजलेलं वार्निश दगडासारखं झालं होतं. पात्याच्या टोकानं ते उकरायचं, खालच्या फायबरला इजा होऊ द्यायची नाही, मग तारेचा एक वेढा उचकटायचा. एका कडीला तास लागत होता. काठी वाकडीच राहणार होती, हे त्यानं मान्य केलं होतं. बाक ज्या अंगाला होता त्याच अंगाला नव्या कड्या बसवल्या तर दोरा काठीला घासणार नाही, असा त्याचा हिशेब होता. गळ पूर्वीइतका लांब पडणार नाही, मासा लागल्याचं उशिरा कळेल. काठी पार कामातून गेली असेल तर तेही त्याला स्वतः वापरून बघूनच ठरवायचं होतं. तोवर ती टाकून द्यायची नाही, हे त्यानं ठरवलं होतं.

चार कड्या सुटल्या होत्या, तेव्हा दाराची घंटा वाजली. दारात दादा होता, आणि त्याच्या शेजारी त्याच्याहून हातभर उंच असा पुठ्ठ्याचा लांबलचक खोका. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दादानं धाप लागलेली असतानाच सांगायला सुरुवात केली. दुकानात सगळ्यांत भारी म्हणून हीच दाखवली, दोन तुकड्यांची मुद्दामच घेतली नाही, जोड म्हटला की तिथे कमजोरी आलीच, ही अखंड आहे. तो खोका आडवा करून आत घुसवू लागला.

धाकटा दारातून बाजूला झाला नाही.

“मला विचारलं होतंस, ही आणू का म्हणून?”

दादा थांबला. त्याचा उत्साह उतरत गेलेला धाकट्याला जवळून दिसला. दाढी दोन दिवसांची होती. घोटून दाढी केल्याशिवाय दादा दुकान उघडत नसे. त्यानं धाकट्याच्या खांद्यावरून आत बघितलं. टेबलावर त्याच्या हातच्या चार कड्या उचकटून ठेवलेल्या होत्या, शेजारी तारेचे तुकडे होते. बराच वेळ तो त्यांच्याकडेच बघत राहिला. मग त्यानं घसा साफ केला.

“आणू का आत?” त्यानं विचारलं.

हे शब्द त्याला सवयीचे नव्हते, ते कानाला कळत होतं. हो म्हणून टाकावं असं त्याला वाटलं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आलो, असंही वाटलं.

“नको, दादा,” तो म्हणाला.

दादानं मान हलवली. वाद घातला नाही, हसला नाही. खोका खांद्यावर घेऊन तो वळला आणि जिना उतरू लागला. धाकट्यानं दार लोटलं, टेबलाशी येऊन बसला, भिंग डोळ्याला लावलं. बाहेर खोका भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. जरा वेळानं पुन्हा आला. जिन्याच्या वळणावर अखंड काठीचा तो खोका वळत नव्हता. दादानं तो वर कसा आणला असेल, कोण जाणे. कठड्यावर घासल्याचा आवाज झाला, मग नुसतं दम टाकणं ऐकू येऊ लागलं. एरवी एव्हाना खालून हाक आली असती, अरे ए, धर जरा इकडून. आज हाक आली नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. धाकट्यानं भिंग खाली ठेवलं आणि तो बाहेर जिन्याच्या तोंडाशी गेला. खाली वळणावर एकोणसत्तर वर्षांचा दादा भिंत आणि खोका यांच्या मध्ये अडकून उभा होता. एक हात कठड्यावर होता, कपाळाला घाम आला होता.

“धरू का?” धाकट्यानं वरून विचारलं.

दादानं वर बघितलं. असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यानं तशी वेळच कुणावर येऊ दिली नव्हती.

“धर,” तो म्हणाला.

धाकट्यानं चार पायऱ्या उतरून खोक्याचं वरचं टोक उचललं. एकानं टोक उंच धरलं, दुसऱ्यानं बूड फिरवलं, तेव्हा कुठे तो खोका वळला. दोघांनी तो खाली नेला आणि दादानं भाड्यानं आणलेल्या टेम्पोत नीट आडवा ठेवला. दादा पुढे बसला, टेम्पो निघून गेला. धाकटा वर आला, हात धुतले, आणि उरलेल्या चार कड्या सोडवायला बसला.